कवडूची पाण्याची रेघ

कवडू मडावीला ट्रक चालवता येत नाही.

हिंगणघाटच्या बायपासला त्याचं टिनाचं शेड आहे. चौतीस वर्षं तो तिथं टायर चढवतो, चाकं सरळ करतो, ट्रकखाली आडवा होऊन आवाज ऐकतो. पण स्टेअरिंगवर तो आयुष्यात एकदाच बसला. तेव्हा वीस वर्षांचा होता, गिरडच्या बाजूनं नुकताच आलेला. घरी गोंडी बोलायचा, मराठी अजून जिभेवर बसायची होती. जिनिंगच्या आवारात एका ड्रायव्हरनं त्याला हौसेनं वर बसवलं आणि कवडूनं ट्रक थेट कापसाच्या गंजीत घातला. नाकातोंडात कापूस, केसांत कापूस. त्याला बखोटीला धरून बाहेर काढणारा ड्रायव्हर तोच, तानबा वैरागडे. त्या दिवसापासून तानबा शेडवर आला की चारचौघांत विचारतो, "काऊन गा कवडू, आज गंजी कोनत्या बाजूले ठेवू?"

जानेवारीतल्या त्या सकाळी तानबानं हे विचारलं नाही.

त्याच्याआधी अर्धा तास बंडूजी येऊन गेले होते. दोन ट्रकांचे मालक; त्यातला एक तानबा चालवतो. हिंगणघाटातून कापसाच्या गाठी हैद्राबादेकडे नेतात. माणूस मोठ्या आवाजाचा, पण आज मोटरसायकल बंद करून, जवळ येऊन, हळू बोलला.

"कवडू, काल मी तानबाच्या मागं होतो. हायवेवर. दोनदा गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर गेली. डावीकडे."

कवडू हात पुसत राहिला.

"नवे टायर टाकून अकरा दिवस झाले. मी म्हटलं, असन टायराचंच काही. पन मंग मी त्याचा डावा हात पाह्यला. चाय पितानी."

"काय पाह्यलं?"

"कप उजव्या हातात धरला त्यानं. डावा खिशात."

कवडूनं हे पाहिलं होतं. आठवडाभरापूर्वीच.

"तू आज गाडी पाह्य. गाडीत काही असन तर सांगजो. नसन तर मी त्याले उतरवतो. दुसऱ्या ड्रायव्हरले, सचिनले, बोलून ठेवलं आहे मी." बंडूजी थांबले. "राग नाई गा माहा त्याच्यावर. पन उद्या काही झालं तर त्याच्या बायकोपुढं, लीलाबाईपुढं कोनतं तोंड घेऊन जाऊ मी? सांजच्याला येतो. खरं सांगजो."

चौदा महिन्यांपूर्वी तानबाला अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू. वर्ध्याला दवाखान्यात नेलं, वेळेत नेलं म्हणून वाचला. पुढचे सहा महिने तो बोरगाव मेघेला मुलीकडे होता. कवडू दर सोमवारी बसनं जायचा. पहिल्या सोमवारी त्यानं पिशवीतून रबराचा एक गोळा काढला. ट्रकच्या केबिनखाली बसतं ते जाड रबर, जुनं, वापरून मऊ झालेलं. कवडूनं ते सुरीनं कापून, कानशीनं घासून मुठीत मावेल असं केलं होतं.

"हे दाबत राह्य," तो म्हणाला.

"मले वाटलं संत्री आणली यानं," तानबा तोंड वाकडं करून म्हणाला. तेव्हा त्याचं तोंड खरंच वाकडं होतं. दोघंही हसले.

सहा महिने तानबानं ते रबर दाबलं. डॉक्टरांनी हात पाहिला, पाय पाहिला, डोळे पाहिले, कागद दिला. तानबा परत ट्रकवर बसला. रबर अजून त्याच्या खिशात असतं. डावा हात खिशात असतो तो त्यासाठी. हे बंडूजींना ठाऊक नव्हतं. कवडूला ठाऊक होतं. तरीही कप उजव्या हातात का, हे त्याला कळत नव्हतं आणि विचारण्याची हिंमत होत नव्हती.

तानबानं ट्रक शेडपुढे लावला. उतरला. नुसताच उभा राहिला.

"शेठ आलते?"

"हाव."

"मंग पाह्य," तानबा म्हणाला आणि बाजेवर जाऊन बसला.

शहरात आता चाकं सरळ करायची मशीन आली आहे. चार आरसे लावतात, टीव्हीवर आकडे येतात. कवडूकडे सुतळी, खडू आणि तळहात आहे. त्यानं आधी हवा मापली. दोन्ही पुढच्या चाकांत सारखी. डाव्यात कमी असती तर काम तिथंच संपलं असतं. मग त्यानं मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणली, एका बाजूनं, मग दुसऱ्या. चाकं सरळ. जॅक लावून चाक उचललं, वरखाली हलवलं. बेअरिंग घट्ट. तळहात ब्रेकच्या ड्रमला लावला. ब्रेक चिकटून चालत असेल तर त्या बाजूचा ड्रम जास्त तापतो. दोन्ही सारखेच कोमट. नव्या टायरवरून बोटं फिरवली, आतून बाहेर, बाहेरून आत. कुठं खरखर नाही.

एरवी असं सगळं ठीक निघालं की कवडू ट्रकच्या बोनेटवर थाप मारतो. आज प्रत्येक ठीक निघालेली गोष्ट त्याच्या छातीवर येऊन बसत होती. हवा ठीक, म्हणजे तानबा. सुतळी ठीक, म्हणजे तानबा. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला गाडीत खोट हवी होती.

चाकाचे नट आवळताना तो गोंडीत मोजतो, तोंडातल्या तोंडात. दहा झाले. तो उठला.

तानबा त्याच्याकडे बघतच होता.

"काही नाई नं गाडीत?"

कवडूनं पाना खाली ठेवला.

"सांगून टाक गा. मलेच माईत आहे." तानबानं डावा हात खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्या कोणाची वस्तू ठेवावी तसा. "अकरा दिवसांपासून गाडी डावीकडे जाते. म्या कोनाले सांगतलं नाई. लीलीलेबी नाई. मले वाटते, मीच जातो. हात ढिला पडते अन् मले समजत नाई. म्हून मी कप धरत नाई त्यानं. पडला तर समजन नं मंग."

म्हणजे ते असं होतं. हातानं कप पडेल म्हणून नाही, पडला तर कळेल म्हणून.

कवडू त्याच्या शेजारी बसला. त्याला स्वतःला ट्रक चालवता येत नसल्यानं आजवर त्याची रीत एकच होती. ड्रायव्हरचे हात काय सांगतात ते ऐकायचं आणि खाली शोधायचं. आज त्याच हातांवर शंका होती. त्या हातांनाच कसं विचारायचं?

मग तो म्हणाला, "हात काढून टाकू."

"माहा हात काढून टाकतं?"

"स्टेरिंगवरून गा. गाडीले इचारू."

शेडमागं एक जुना तेलाचा डबा पडला होता. कवडूनं त्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, डबा पाण्यानं भरला, भोकात कापसाची बोळी कोंबली आणि तारेनं मागच्या बंपरच्या बरोबर मध्ये टांगला. तानबा बघत राहिला.

"हे काय, महादेवाच्या पिंडीवरचं पानी?"

"बस वर."

बायपासच्या पलीकडे एक ले-आउट पडलं आहे. प्लॉटचे दगड रोवलेले, सिमेंटचा रस्ता झालेला, विजेचे खांब उभे, घर एकही नाही. पलीकडे तूर. रस्ता पाटासारखा सपाट आणि खांबामागून खांब सरळ. कवडूनं बोळी ओढली, धावत येऊन तानबाच्या शेजारी चढला.

"पहिल्या खांबापाशी हात सोडजो. पाचव्याले धरजो."

"अन् गंजी आली तर?"

कवडूला इतकं बरं वाटलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

पहिला खांब आला. तानबानं दोन्ही हात वर केले. आरतीला करतात तसे. डावा उजव्याइतकाच वर गेला, कवडूनं ते चोरून पाहिलं. दुसरा खांब. तिसरा. स्टेअरिंग आपोआप किंचित हललं. चौथ्या खांबाला डावीकडची तूर जवळ आली होती. पाचव्याला तानबानं धरलं.

दोघं उतरले आणि मागं चालत गेले. सिमेंटवर पाण्याची बारीक काळी रेघ उमटली होती. पहिल्या खांबापर्यंत सरळ. तिथून ती डावीकडे जायला लागली होती, हळूहळू, पायवाटेनं वळावं तशी.

"रस्त्याले उतार असन," तानबा म्हणाला. विश्वास ठेवायची त्याला भीती वाटत होती.

"मंग इकडून पाहू."

ट्रक फिरवला. डबा पुन्हा भरला. उलट्या दिशेनं आले. रस्त्याला उतार असता तर आता ट्रक दुसरीकडे गेला असता. रेघ पुन्हा ट्रकच्या डावीकडेच गेली.

तानबा त्या रेघेपाशी उकिडवा बसला. ऊन कोवळं होतं पण रेघ कडेनं वाळायला लागली होती. त्यानं डाव्या हाताचं बोट तिच्यावर ठेवलं.

"यात मी नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हता."

"म्या हात वर केलते."

"म्या पाह्यलं नं."

तानबा तिथंच बसून राहिला. कवडूनं जॅक काढला. आता एकच गोष्ट उरली होती. ट्रकमध्ये बाकी काही नव्हतं, म्हणजे टायर. त्यानं पुढची दोन्ही चाकं काढली आणि बाजू बदलली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तानबा उठून नट हातात देत राहिला. तिसऱ्यांदा डबा भरला. तिसऱ्यांदा तानबानं हात वर केले.

या वेळी रेघ उजवीकडे गेली.

तानबा हसायला लागला. रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसत हसत राहिला. "टायर! कवडू, टायर आहे गा! शेठले सांग, दुकानदारानं खोटा टायर देल्ला म्हनाव."

कवडू हसला नाही. तो डाव्या चाकापुढे गुडघ्यावर बसला होता. मघापर्यंत हे चाक उजवीकडे होतं. टायरच्या कडेवर, कंपनीच्या अक्षरांच्या खाचेत, लाल काहीतरी अडकलेलं होतं. त्यानं नखानं खरवडलं. कुंकू.

मग तो दुसऱ्या चाकाकडे गेला. तिथंही कुंकू होतं. आणि त्याच्या वरच टायरचा नंबर होता. नंबर एकाच बाजूला असतो. तो पुन्हा पहिल्या चाकाकडे आला. कडेवरून पूर्ण गोल हात फिरवला. नंबर नव्हता.

अकरा दिवसांपूर्वीची सकाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. टायर आदल्या दिवशी नागपूरहून आले होते आणि रात्रभर तानबाच्या अंगणात आडवे पडून होते. दुखण्यातून उठल्यावर नवऱ्याच्या गाडीचे पहिले नवे टायर, म्हणून लीलाबाईनं सकाळी त्यांना हळदकुंकू वाहिलं, वरच्या बाजूला बोटानं स्वस्तिक काढलं. वरची बाजू म्हणजे त्या वेळी जी वर होती ती. एकाची नंबराची. दुसऱ्याची बिनानंबराची. तानबानं ते शेडवर आणले, कवडूनं चढवले. कवडूच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशी एक सांगितलं होतं, पुढचे टायर जोडीचे असले की दोघांचे नंबर बाहेर. चौतीस वर्षं त्यानं ते पाळलं होतं. त्या दिवशी दुसरा टायर हातात घेतला तेव्हा त्यानं पाहिलं की नंबर बाहेर ठेवला तर स्वस्तिक आत जातं, ड्रमाकडे, ग्रीस आणि धुळीत. लीलाबाईचं बोट त्यात अजून दिसत होतं. त्यानं टायर उलटा केला आणि कुंकू बाहेर ठेवलं. मग तानबा आणि लीलाबाई गाडी घेऊन केळझरला गणपतीला जाऊन आले.

हे सगळं त्याला एका दमात आठवलं. तो तसाच गुडघ्यावर राहिला.

"काय झालं गा?" तानबानं विचारलं.

"टायर खोटा नाई."

"मंग?"

"बैलजोडी कशी असते पाह्य," कवडू म्हणाला. "डावा बैल जरा डावीकडे ओढते, उजवा उजवीकडे. एकमेकाले सांभाळून घेतात. गाडी सरळ जाते. एका साच्यातले टायर तसेच. नंबर दोघाचेबी बाहेर पाह्यजेत. म्या एक उलटा घातला. उजवा. दोघंबी मंग डावीकडे ओढाले लागले."

"तू? तू काऊन उलटा घालशीन?"

कवडूनं लाल झालेलं नख त्याच्यापुढे धरलं.

तानबाला समजायला थोडा वेळ लागला. तुरीत कुठंतरी होला घुमत होता. तानबा कवडूच्या शेजारी, त्याच्यासारखाच, गुडघ्यावर बसला.

"माह्या हातानं झालं," कवडू म्हणाला. "अकरा दिवस तू सोताले खाऊन राह्यला. अन् माह्या हातानं."

"चूप."

"तुले काही झालं असतं म्हंजे..."

"चूप म्हनतो नं तुले."

ट्रक शेडवर आणून चाक काढायला, रिंग उचकायला, टायर उलटायला तासभर लागला. हातोडा कवडूकडे होता, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, तानबानं दाबून धरली, दोन्ही हातांनी. टायर पलटी करायची वेळ आली तेव्हा कवडू थांबला. कुंकू आत जाणार होतं.

"लीलीले सांगजो नको," तानबा म्हणाला.

"विचारलं तर?"

"म्हनजो, धुतली गाडी."

कवडूनं आपल्या दुपट्ट्याच्या टोकानं खाचेतलं उरलेलं कुंकू अलगद पुसून घेतलं, टोकाला गाठ मारली आणि मग टायर पलटवला. दोन्ही नंबर बाहेर.

पुन्हा ले-आउटात आले तेव्हा चौथी रेघ पहिल्या खांबापासून पाचव्यापर्यंत ताणलेल्या सुतळीसारखी गेली. दोघांनी ती चालत पाहिली. शेवटाला येईपर्यंत सुरुवातीची वाळून गेली होती.

परत शेडकडे येताना कवडू त्याच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "एक सांग. अकरा दिवस ही डावीकडे ओढून राह्यली होती. हैद्राबादले जाऊन आला तू. भरल्या गाडीनं."

"हाव."

"तिले रस्त्यावर कोनं ठेवलं?"

तानबानं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"एका हातानं राहते का ते?" कवडू म्हणाला. "दिवसभर, भरली गाडी, एका हातानं?"

तानबा पुढं बघायला लागला. स्टेअरिंगवर त्याचे दोन्ही हात होते. त्यानं डाव्याची पकड सोडली, पुन्हा धरली. पुन्हा सोडली, पुन्हा धरली. रबर दाबतो तशी.

संध्याकाळी बंडूजी आले. कवडूनं वाटेत कितीदा तरी ठरवलं होतं की कसं सांगायचं. टायरचं होतं, केलं नीट, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटंही नव्हतं ते. हायवेवरची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे येतात ती मशीन नसताना त्याच्या हातावर भरवसा ठेवून. तानबानं आधीच बजावलं होतं, "जास्त सांगत बसू नको. टायर म्हन, बस."

बंडूजी मोटरसायकलवरून उतरले नाहीत. एक पाय टेकवून म्हणाले, "बोल."

"गाडीत होतं," कवडू म्हणाला. "उजवा टायर उलटा चढला होता. म्या चढवला."

तानबानं कपाळाला हात लावला.

"तू?" बंडूजी म्हणाले.

"म्या. कुंकू बाहेर राहावं म्हून. तानबाचा हात चांगला आहे. भरवसा नसन तर चाला ले-आउटात, दाखवतो."

बंडूजी त्याच्याकडे बघत राहिले, मग तानबाकडे, मग ट्रककडे. त्यांना राग यायला हवा होता आणि तो आलाही. "मानूस मारला असता नं लेका तू," ते म्हणाले. कवडूनं मान खाली घातली. ते आणखी काही बोलणार होते. पण शेडवरची चहावाली शोभाबाई तेवढ्यात तीन कप घेऊन आली, आणि तानबानं हात पुढे केला.

डावा.

कप भरलेला होता, काठापर्यंत. तानबानं तो उचलला, तोंडाशी नेला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. बशीत एक थेंब पडला नाही असं नाही. पडला. पण शोभाबाईचा कप कोणीही धरला तरी थेंब पडतोच.

बंडूजींनी आपला चहा संपवला. "सचिनले फोन करतो," ते म्हणाले. "म्हनतो, नको येऊ." मोटरसायकल चालू करून ते कवडूला म्हणाले, "आता कोनी शेंदूरबी लावला तरी नंबर बाहेरच ठेवजो." आणि गेले.

उन्हं उतरत होती. तानबा ट्रकवर चढला. रात्री घरी राहून पहाटे गाठी भरायला जायचं होतं. त्यानं खिडकीतून खाली पाहिलं, खिशातून रबराचा गोळा काढला आणि कवडूकडे फेकला. कवडूनं झेलला. रबर एका बाजूनं चांगलंच झिजलं होतं, चार बोटांच्या चार खोबणी पडल्या होत्या.

"हे कायले देतं?"

"ठेव. कोनाच्या गाडीले बसन."

ट्रक निघाला. तो थोडा पुढं गेल्यावर कवडूच्या लक्षात आलं की डबा काढायचा राहिला. मागच्या बंपरला तो अजून टांगलेला होता आणि परत कोंबलेली बोळी धक्क्यानं निसटून तळाशी उरलेलं पाणी ठिबकत होतं. हाक मारली असती तर तानबाला ऐकू गेली असती. कवडूनं मारली नाही. तो रस्त्याच्या कडेला रबर मुठीत धरून उभा राहिला आणि डांबरावर उमटत जाणारी रेघ बघत राहिला. ती सरळ गेली, पेट्रोल पंपापर्यंत सरळ, पुलापर्यंत सरळ. मग लीलाबाईच्या घराकडच्या वळणाला डावीकडे वळली. तानबानं वळवली होती म्हणून.